पूना, किर्की, बरेली : सॅल्मोनेलाच्या वंशावळीतली भारतीय नावे आणि बंगळुरूचे संशोधन

२०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काकडी खाऊन माणसे आजारी पडू लागली. ताप, पोटात कळा, जुलाब. साथ ओसरेपर्यंत चाळीस राज्यांतील ९०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी सहा जण दगावले. काकडी मेक्सिकोतून आली होती. तिच्यावर सापडलेल्या जंतूचे नाव मात्र होते 'सॅल्मोनेला पूना'. त्याआधी २००० ते २००२ या तीन वर्षांत मेक्सिकोच्याच खरबुजांनी हाच जंतू अमेरिकेत पोहोचवला होता. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सामान्य अमेरिकी माणसाला 'पूना' म्हणजे काय याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. पुणेकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल की आपल्या गावाचे जुने इंग्रजी नाव जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज उच्चारले जाते, आणि ते विद्येच्या माहेरघराचे म्हणून नव्हे, एका जंतूचे म्हणून.

पूना एकटे नाही. त्याच यादीत 'किर्की' आहे, म्हणजे पुण्याला लागून असलेली खडकीची छावणी. 'बरेली' आहे. जोडीला लंडन, डब्लिन, पनामा, हायडेलबर्ग, मॉन्टेव्हिडिओ अशी शेकडो गावे आहेत. जंतू जिथे प्रथम वेगळा ओळखला गेला, त्या गावाचे नाव त्याला द्यायचे, ही सॅल्मोनेलाच्या संशोधकांची जुनी रीत. तिच्यामुळे ही यादी चाळताना एखाद्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटते. गावाचा त्यात दोष काहीच नसतो. तिथे कोणीतरी नीट तपासणी करणारे होते, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी अमदानीत असे तपासणारे बहुधा लष्करी डॉक्टर असत आणि त्यांच्या प्रयोगशाळा छावण्यांत असत. पुणे, खडकी, बरेली ही तिन्ही नावे छावण्यांची आहेत, हा योगायोग नव्हे.

'सॅल्मोनेला' हे कुलनामही असेच काहीसे आडवळणाने पडलेले. डॅनिएल सामन हे अमेरिकेतील पशुवैद्यक संशोधक. त्यांच्या हाताखालील थिओबाल्ड स्मिथ या तरुणाने १८८५ च्या सुमारास डुकरांच्या 'हॉग कॉलरा' या रोगात एक जंतू वेगळा केला. काम स्मिथचे, पण श्रेय प्रमुखाकडे गेले, आणि १९०० मध्ये लिन्येर या फ्रेंच पशुवैद्यकाने सामन यांच्या नावावरून 'सॅल्मोनेला' हे नाव सुचवले. पुढे काही वर्षांतच असे सिद्ध झाले की डुकरांचा तो रोग मुळात या जंतूमुळे होतच नाही, तो विषाणूमुळे होतो. अशा रीतीने ज्याने शोधला नाही त्याचे नाव, जो रोग होत नाही त्याच्या निमित्ताने, या कुलाला कायमचे चिकटले.

माणसाच्या दृष्टीने या कुलातला सर्वांत मोठा वैरी तेव्हा वेगळ्याच नावाने वावरत होता. टायफॉइड, जुन्या मराठी घरांतला 'मुदतीचा ताप'. एकवीस दिवसांची मुदत पुरी झाल्याखेरीज जो उतरत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात जो दगा देतो, असा हा ताप घराघरांतून ओळखीचा होता. १८८० मध्ये कार्ल एबर्ट यांनी मृत रुग्णांच्या प्लीहेत त्याचा जंतू पाहिला आणि १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. १८८८ मध्ये जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन येथे आजारी गाईचे मांस खाऊन विषबाधा झाली, तेव्हा आउगुस्ट गेर्टनर यांना त्या मांसात आणि दगावलेल्या माणसाच्या अवयवात एकच जंतू सापडला. आज त्याला 'एंटेरिटिडिस' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डुकराचा, गाईचा आणि टायफॉइडचा जंतू सारखेच दिसत. काडीसारखा आकार, भोवती हालचालीचे केस. मग एक जंतू तीन आठवडे ताप आणतो आणि दुसरा तीन दिवस जुलाब करून निघून जातो, हे कसे? वर्गीकरणाचा सारा खटाटोप या प्रश्नापासून सुरू झाला.

त्याची किल्ली सापडली पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि तीही दुसऱ्याच एका जंतूमध्ये. एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स हे 'प्रोटिअस' या जंतूवर काम करीत होते. थंड काचेवर श्वास सोडला की जशी धूसर वाफ पसरते, तसा हा जंतू पोषकद्रव्यावर पसरतो. जर्मन भाषेत त्या वाफेला 'हाउख' म्हणतात. पसरणाऱ्या जंतूंच्या केसांवरील प्रतिजनाला त्यावरून 'एच' म्हटले गेले, आणि न पसरणाऱ्या, म्हणजे 'ओहने हाउख' जंतूंच्या अंगावरील प्रतिजनाला 'ओ'. प्रतिजन म्हणजे जंतूच्या पृष्ठभागावरील असा घटक की ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. सॅल्मोनेलामध्येही हे दोन्ही सापडतात. शिवाय त्याच्या बहुतेक प्रकारांकडे केसांचे दोन संच असतात आणि जंतू ते आलटूनपालटून वापरतो, हे अँड्र्यूज यांनी १९२२ मध्ये दाखवले.

या पायावर ब्रिटनमधील ब्रूस व्हाइट यांनी १९२६ मध्ये वर्गीकरणाची मांडणी केली आणि फ्रिट्झ कॉफमन यांनी ती जन्मभर वाढवली. कॉफमन हे जर्मन ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी बर्लिन सोडले आणि कोपनहेगनच्या सरकारी रक्तजल संस्थेत बस्तान बसवले. या योजनेत प्रत्येक प्रकाराला एक सूत्र मिळते. पूनाचे सूत्र '१,१३,२२ : झेड : १,६'. पहिला भाग अंगावरील 'ओ' प्रतिजनांचा, दुसरा केसांच्या पहिल्या संचाचा आणि तिसरा दुसऱ्या संचाचा. जणू वाडी, गल्ली आणि घर असा पत्ताच. निरनिराळ्या ससांच्या रक्तजलात जंतूचा थेंब मिसळायचा आणि कुठे गुठळ्या धरतात ते पाहायचे, एवढ्यावर हा पत्ता निघत असे. अशा एकेका पत्त्याच्या जंतूला 'सेरोव्हार' म्हणतात. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने पहिली यादी केली तेव्हा त्यात ४४ सेरोव्हार होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने २००७ मध्ये काढलेल्या नवव्या आवृत्तीत त्यांची संख्या २,५७९ झाली.

बरेलीचा जंतू जगापुढे आणला तो लष्करी वैद्यक खात्यातील ब्रिजेस आणि लंडनच्या आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेतील विल्यम स्कॉट यांनी, १९३१ मध्ये. हा जंतू भारतात पॅराटायफॉइडसारखा ताप आणतो, असे त्यांनी नोंदवले. टायफॉइडच्या जंतूला 'सॅल्मोनेला टायफी' हे नाव ज्या दोघांच्या नावे १९३० पासून नोंदले जाते, त्यांतले एक हेच स्कॉट. त्यांचे सहकारी फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये मेलेल्या जंतूंचा गुणधर्म जिवंत जंतूंत उतरतो हे दाखवले होते, आणि त्या प्रयोगातून पुढे डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचा शोध लागला. १९४१ मध्ये लंडनवर झालेल्या जर्मन बाँबहल्ल्यात ग्रिफिथ यांच्या घरी हे दोघे मित्र एकाच वेळी ठार झाले. ग्रिफिथ यांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले. स्कॉट यांचे नाव सॅल्मोनेलाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

कॉफमन यांचा एक हट्ट होता. प्रत्येक सेरोव्हार ही स्वतंत्र जाती आहे, असे ते मानत. त्यामुळे शास्त्रीय नावांत 'पूना' ही एक जाती, 'बरेली' दुसरी, असा शेकडो जातींचा गोतावळा उभा राहिला. १९७० नंतर डीएनएची तुलना होऊ लागली तेव्हा हा डोलारा कोसळला. जवळजवळ सारे सेरोव्हार आतून एकच निघाले. लेऑन ल मिनोर आणि मिशेल पोपॉफ यांनी १९८७ मध्ये सर्वांसाठी 'एंटेरिका' ही एकच जाती सुचवली. नावांचे नियम सांभाळणाऱ्या आयोगाला तिच्यावर शिक्कामोर्तब करायला २००५ साल उजाडले, म्हणजे अठरा वर्षे वाद चालला. आज सॅल्मोनेलाच्या जाती दोनच, 'एंटेरिका' आणि 'बाँगोरी'. एंटेरिकाच्या सहा उपजाती, त्यांतल्या सहावीचे नाव 'इंडिका', म्हणजे भारतीय. गावांची नावे सेरोव्हारांना राहिली, पण आता ती तिरप्या अक्षरांत छापत नाहीत. 'पूना' जातीवरून खाली आले ते असे.

या सेरोव्हारांची ओळख पटवण्याचे भारतातील मोठे केंद्र हिमाचलातील कसौली येथे आहे. जनावरांतील सॅल्मोनेलाचे केंद्र इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत आहे. इज्जतनगर म्हणजे बरेली. आणि या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये झाली ती पुण्यात, 'इंपीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने. तिथून ती आधी मुक्तेश्वरला आणि मग बरेलीला गेली. जंतूंच्या यादीतली दोन गावे एकाच संस्थेच्या इतिहासात अशी ओवलेली आहेत.

वंशावळीत एक असूनही वागणुकीत हे जंतू दोन टोकांचे आहेत. पूना, बरेली, एंटेरिटिडिस, टायफिम्युरियम हे कोंबडी, गाय, सरडे, कासवे असे कोणाच्याही आतड्यात राहू शकतात. माणसाच्या पोटात गेले तर साधारणतः एकदोन दिवसांत जुलाब आणि ताप, आठवड्याभरात आराम. धोका तान्ह्या मुलांना, वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. टायफी आणि पॅराटायफी-ए यांचे मात्र माणसाशिवाय कुठेच घर नाही. टायफीचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यातली दोनशेहून अधिक जनुके मोडकी निघाली. सर्वत्र राहण्याची विद्या हा जंतू विसरला आणि माणसात लपून राहण्यात तरबेज झाला, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. बऱ्या झालेल्या माणसाच्या पित्ताशयात, विशेषतः तिथे खडे असले तर, तो वर्षानुवर्षे राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. तिथून पाण्यात, आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात.

म्हणून टायफॉइडचा इतिहास हा बव्हंशी शहरांच्या पाण्याचा इतिहास आहे. बंगळुरूच्या बाबतीत तर हे स्पष्टच दिसते. १८९५ मध्ये डॉ. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादहून बंगळुरूला धाडण्यात आले, ते मलेरियासाठी नव्हे, पटकीला आवर घालण्यासाठी. आपल्या मलेरियाच्या डासांपासून दूर जावे लागल्याचे त्यांना दुःख होते, पण काम होते विहिरी, गटारे आणि घाण यांचे. शहर तेव्हा तळी आणि विहिरींवर जगत होते, आणि पटकी व आंत्रज्वर ही एकाच घाण पाण्याची दोन पिके. १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि १९७४ मध्ये कावेरीचे. इंग्रजी सैन्याला घाई होती, म्हणून आल्मरॉथ राइट यांनी १८९६ मध्ये मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून १८९८ मध्ये भारतात आले असता इथल्या हजारो गोऱ्या सैनिकांना टोचली. देशी माणसाला हा रोग फारसा होत नाही, अशी त्या काळी गोऱ्या डॉक्टरांची समजूत होती. तिचा सोयीस्करपणा वेगळा सांगायला नको.

जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ मध्ये उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था बंगळुरूत अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखली जाते. तिथल्या सूक्ष्मजीव व पेशीजीवशास्त्र विभागात दीपशिखा चक्रवर्ती यांची प्रयोगशाळा सॅल्मोनेला पोटात गेल्यावर नेमके काय करतो, याचा माग काढीत आहे. टायफी उंदराला बाधत नाही. पण माणसाला नुसते जुलाब करणारा टायफिम्युरियम उंदरात टायफॉइडसारखा आजार निर्माण करतो, म्हणून जगभर अभ्यासाला तोच घेतात.

कथा अशी घडते. जठराच्या आम्लातून वाचलेले जंतू लहान आतड्याच्या अस्तराशी पोहोचतात. सॅल्मोनेलाकडे सुईसारखे एक यंत्र असते. १९९८ मध्ये त्याचे छायाचित्र प्रथमच मिळाले. या सुईतून जंतू आपली प्रथिने यजमान पेशीत टोचतो. त्याबरोबर पेशीचे आवरण लाटेसारखे उसळते आणि जंतूला स्वतःहून आत ओढून घेते. अस्तराखाली महाभक्षक पेशी टपून असतात. जंतू गिळायचा, एका पोकळीत कोंडायचा आणि ती पोकळी पाचक द्रव्यांनी भरलेल्या 'लायसोसोम' या पिशवीला जोडून त्याचा निकाल लावायचा, हे त्यांचे काम. सॅल्मोनेला नेमका याच पेशीत संसार थाटतो. पोकळीत कोंडल्यावर तो दुसरी सुई बाहेर काढतो आणि आतून पोकळीचा कारभार हाती घेतो. मग रखवालदाराच्याच घरात बसून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत प्रवास करतो. या दुसऱ्या सुईमुळे पेशीतल्या नायट्रोजनयुक्त माऱ्यापासून जंतूला संरक्षण मिळते, हे चक्रवर्ती यांनी जर्मनीत मिखाएल हेन्सेल यांच्याबरोबर काम करताना २००२ मध्ये दाखवले होते.

बंगळुरूच्या २०१० च्या शोधनिबंधाने एक जुना प्रश्न उचलला. जंतू तर पेशीत दुणावत जातात. मग एका मोठ्या पोकळीत त्यांची गर्दी होते का? संदीप ईश्वरप्पा आणि सहकाऱ्यांना दिसले ते वेगळेच. जंतू दुभंगला की पोकळीही दुभंगते आणि बहुतेक पोकळ्यांत एकेकच जंतू राहतो. त्याच वेळी बाधित पेशीतल्या आम्लयुक्त लायसोसोमांची संख्या घटते. म्हणजे कोठड्या वाढतात आणि जल्लाद कमी होतात. साधे त्रैराशिक, पण पेशीला ते पेलत नाही. याच प्रयोगशाळेने २०२२ मध्ये जंतूच्या बाह्य आवरणातील 'ओएमपीए' या प्रथिनावर लक्ष वेधले. ते काढून टाकले तर जंतूला पोकळीत टिकता येत नाही, तो उघड्यावर पेशीरसात येतो आणि नायट्रोजनच्या माऱ्यात सापडतो. शिवाय त्याचे आवरण कमकुवत होऊन काही प्रतिजैविकांपुढेही तो लवकर नमतो. यातून औषध निघायला वेळ आहे. पण औषधांची सद्यःस्थिती पाहता अशा दारांचा शोध घेणे निकडीचे आहे.

टायफॉइडवरचे पहिले खरे औषध अपघाताने सापडले. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉलची चाचणी दुसऱ्याच एका तापावर चालू असताना त्यातले दोन रुग्ण टायफॉइडचे निघाले, आणि ते बरे झाले. पंचवीस वर्षेही सुखाने गेली नाहीत. १९७२ मध्ये केरळातील कोळिकोडे येथे या औषधाला न जुमानणारा टायफीचा प्रकार पसरला आणि ही रग एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे तिथल्याच पणिक्कर आणि विमला यांनी दाखवले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, १९९० नंतर त्याचीही धार बोथटली. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनलाही दाद न देणारा टायफी पसरला.

इथे कॉफमन यांच्या कोरड्या सूत्रांचा गल्लीतल्या प्रयोगशाळेशी संबंध येतो. ताप चार दिवस राहिला की भारतात अजूनही 'विडाल' तपासणी लिहून दिली जाते. ती फेर्नां विडाल यांची, १८९६ सालची. रुग्णाच्या रक्तजलात टायफीच्या 'ओ' आणि 'एच' प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, एवढेच ती पाहते. पण टायफीचा १२ क्रमांकाचा 'ओ' प्रतिजन पॅराटायफी-ए आणि टायफिम्युरियम यांच्याही अंगावर असतो. शिवाय ज्या देशात हा जंतू पाण्यातून अनेकांना कधी ना कधी भेटून गेलेला असतो, तिथे जुनी प्रतिपिंडेही हजर असतात. एकाच वेळी काढलेल्या रक्तावरून आलेला 'विडाल पॉझिटिव्ह' हा शेरा त्यामुळे फार काही सांगत नाही, आणि डेंग्यूच्या किंवा साध्या विषाणूच्या तापात प्रतिजैविकांचा मारा सुरू होतो. खात्री हवी तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घेऊन जंतू वाढवून पाहावा लागतो. त्याला दिवस लागतात, खर्च येतो, आणि रोगी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांत तोही निसटतो. पण औषध लागू पडेल की नाही हे त्यावरूनच कळते. सव्वाशे वर्षांच्या जुन्या तपासणीला देश इतका धरून बसला आहे, ते तिच्या अचूकपणामुळे नाही, स्वस्तपणामुळे.

२०१७ ते २०२० या काळात रक्तसंवर्धनाच्या आधारे भारतात मुलांची मोजदाद झाली. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरी ठिकाणी दर लाख बालवर्षांमागे ५७६ ते १,१७३ टायफॉइडचे रुग्ण आढळले. पुण्याजवळच्या वढू या ग्रामीण भागात हाच आकडा ३५ होता. दाट वस्ती आणि मैलापाण्याशेजारून जाणाऱ्या नळांनी केलेला हा फरक असावा. १९३४ मध्ये फेलिक्स यांनी मार्गारेट पिट यांच्यासह टायफीच्या अंगावरील एक वेगळे कवच शोधले होते, 'व्हीआय'. शरीराच्या पहाऱ्यापासून जंतूला लपवणारे हेच कवच आजच्या संयुग्मित लशीत वापरतात. ती हैदराबादेत बनली आणि नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. देशातला तो पहिलाच प्रयत्न. पॅराटायफी-ए जवळ हे कवच नसते, म्हणून त्याच्यावर ही लस चालत नाही. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोन्ही जंतूंवरची एक लस तयार केली असून तिच्या पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात टायफीचे 'व्हीआय' कवच आहे आणि पॅराटायफी-ए साठी घेतला आहे तो व्हाइट-कॉफमन यादीतला २ क्रमांकाचा 'ओ' प्रतिजन.